पाळी कोणाची?

फँटसी कादंबऱ्या उसन्या असतात, ही तक्रार जुनीच. टेरी ब्रुक्सची 'द स्वोर्ड ऑफ शॅनारा' १९७७ साली आली, तेव्हा ती टॉल्किनची नक्कल आहे असं टीकाकारांनी सुनावलं. पण टॉल्किनने तरी 'हॉबिट'मधल्या बुटक्यांची नावं जुन्या नॉर्स काव्यातूनच उचलली होती. व्लादिमिर प्रॉपने तर १९२८ मध्ये रशियन परीकथांमधल्या घटना ३१ कप्प्यांत बसवून दाखवल्या. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला याचं नवल वाटत नाही. आमचंही बरंचसं काम दुसऱ्याने लिहिलेलं उचलूनच चालतं. उचललं काय आणि टाकलं काय, एवढाच प्रश्न.

जळगावहून धुळ्याला जाताना एरंडोल लागतं. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं आमच्याकडे मानतात. गावात पांडववाडा आहे, जवळच्या पद्मालयाला भीमकुंड दाखवतात. बिहारमधलं आरा आणि बंगालमधलं एक गावही हाच मान सांगतं. म्हणजे गोष्टच काय, गोष्टीचं गावसुद्धा उसनं घेता येतं. राक्षसाला माणसं पुरवायची आणि बाहेरून आलेल्या वीराने त्याला मारायचं, हा साचा तर थेट ग्रीकांच्या थिसियसपर्यंत जातो.

मग बकासुराची गोष्ट लक्षात का राहते? माझ्या मते कुस्तीमुळे नाही. पाळी आलेल्या घरात कोणी जायचं यावर वाद होतो, त्यामुळे. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. बोबडं पोर गवताची काडी उचलतं आणि म्हणतं, हिनेच राक्षसाला मारतो. हे ऐकून कुंती स्वतःचा मुलगा पुढे करते, आणि त्यावरून युधिष्ठिर तिला बोल लावतो. इथे भविष्यवाणीने कोणाला निवडलेलं नाही. पाळी आहे, आणि प्रत्येकाला अडवणारं कोणीतरी आहे.

आजच्या कादंबऱ्या राक्षस घेतात, वीर घेतात. हे घर तेवढं टाकून देतात. त्यांचा नायक बहुतेकदा अनाथ असतो तो यासाठीच. 'जाऊ नको' म्हणणारं कोणी नसलं की लेखकाचं काम सोपं होतं.

माझा धुळ्याचा एक मित्र नोकरी सांभाळून दोन वर्षं रात्री कादंबरी लिहितोय. अनाथ मुलगा, खांद्यावर जन्मखूण, पांढऱ्या दाढीचा गुरू. पहिली बारा प्रकरणं पाठवून त्याने विचारलं, "उसनं वाटतं का रे? खरं सांग, वाटत असेल तर बंद करतो."

मी म्हटलं, "बंद कशाला करतो? जन्मखूण राहू दे, गुरूही राहू दे. पण त्या पोराला वाढवणारी मावशी तू एका ओळीत मारलीयेस. तिला जिवंत ठेव आणि तो निघेल तेव्हा दारात उभी कर."

"मावशी असली तर तो निघणारच नाही," तो म्हणाला. "पुढचं सगळं पडेल."

पडेलही कदाचित. तेराव्या प्रकरणाची मी वाट पाहतोय.