बोलोन्या, कमानींखालून

२४ जून २०२५

गाईडबाईंनी शहराची ओळख करून दिली ती पायाखालच्या फरशीपासून. मी आणि ताई उभ्या होतो ती फरशी शेजारच्या घरमालकाची, डोक्यावरचं छत म्हणजे त्याच्याच घराचा वरचा मजला. डागडुजीही त्यानंच करायची. चालायचा हक्क मात्र सगळ्या गावाचा. इथे ह्याला पोर्तिको म्हणतात. खांबांच्या रांगेवर पेललेली ही झाकली वाट रस्ता सुरू होतो तिथून संपेपर्यंत सोबत करते. अशा सगळ्या वाटा मिळून ६२ किलोमीटर भरतात. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, पण बाईंना त्याचं फारसं अप्रूप दिसलं नाही. त्यांना सांगायचं होतं ते १२८८ सालाबद्दल.

इथलं विद्यापीठ १०८८ चं मानलं जातं. दूरदूरचे विद्यार्थी आले, गावात जागा पुरेना. लोकांनी वरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खाली लाकडी टेकू दिले. सरळ अतिक्रमणच ते. १२८८ च्या कायद्यानं मात्र ते पाडायचं सोडून त्याचीच सक्ती केली : नवं घर बांधाल तर पोर्तिको काढा, घोड्यावरचा माणूस जाईल एवढा उंच ठेवा आणि खालची वाट अडवू नका. "आमची संस्कृती इथून सुरू होते," बाई म्हणाल्या. "चित्रं, चर्च, जेवण, सगळं नंतर."

मग स्त्रादा माज्जोरेवर कोर्ते इझोलानीच्या घरासमोर नेलं. तेराव्या शतकातले ओकचे खांब अजून भार सोसत उभे आहेत, तीन मजली घराइतके उंच. बाईंनी खांबावर तळवा टेकवला आणि आम्हालाही टेकवायला लावला. लाकूड उभं चिरलेलं, चिरा बोट आत जाईल एवढ्या रुंद, पण हात लागतो त्या उंचीवर घासून घासून तुळतुळीत. ताईनं हात काढला नाही बराच वेळ.

२५ जून

बाईंनी सकाळीच बजावलं होतं, दुपारी एकच्या आत सान पेत्रोनिओत हवं. कारण सांगितलं नव्हतं.

हे चर्च शहराच्या मुख्य चौकात, पियात्सा माज्जोरेत आहे. दर्शनी भिंत खाली संगमरवरी आणि वर उघड्या विटांची. १३९० मध्ये काम सुरू झालं, पण दर्शनी भाग पुरा झालाच नाही. आत डाव्या बाजूला फरशीत धातूची एक रेघ आहे, जवळजवळ ६७ मीटर लांब. १६५५ मध्ये ज्योतिर्विद कासिनीनं ती आखली. वर छताला एक बारीक भोक आहे, त्यातून सूर्याचा कवडसा फरशीवर पडतो. सव्वाच्या सुमाराला तो रेघेच्या कडेला आला. लांबून तबकडी स्थिर वाटते. गुडघ्यांवर बसून पाहिलं तेव्हा तिची कड संगमरवराच्या एकेका शिरेवरून पुढे सरकताना दिसली. पृथ्वीचं फिरणं असं हातभर अंतरावरून पाहता येतं हे मला ठाऊक नव्हतं. कवडसा रेघेवर अगदी मध्यावर आला, तोच त्या दिवशीचा खरा मध्यान्ह, आणि मिनिटा-दोन मिनिटांत रेघ ओलांडून गेला.

ह्या कवडशाचा आकार वर्षभर मोजून कासिनीनं ग्रहांच्या कक्षांबद्दलच्या केप्लरच्या म्हणण्याला पुरावा मिळवला. गॅलिलिओवर रोममध्ये खटला चालला १६३३ मध्ये, आणि त्यानंतर २२ वर्षांनी इथे चर्चच्याच फरशीवर हे काम झालं. बाई हे सांगताना रेघेवर पाय पडू नये म्हणून एका बाजूला उभ्या होत्या. इतक्या वर्षांत किती लोकांना त्यांनी हा कवडसा दाखवला असेल, तरी तो रेघेवर आला तेव्हा त्यांचंच बोलणं थांबलं. ह्या बाईंकडून शहर समजून घ्यावं असं मला तेव्हा वाटलं.

नंतर आर्किजिन्नाझिओ ह्या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतलं शरीररचनेचं सभागृह. २९ जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ते जमीनदोस्त झालं. ढिगाऱ्यातून मूर्तींचे तुकडे वेचून पुन्हा उभं केलं.

संध्याकाळी सान्ता मारिया देल्ला वीताचं चर्च. निक्कोलो देल्लार्कानं पंधराव्या शतकात केलेल्या मातीच्या पूर्णाकृती मूर्ती : आडवा ख्रिस्त आणि भोवती शोक करणारे सहाजण. मॅग्डलीन धावत येते आहे, वस्त्रं मागे उडाली आहेत, तोंड उघडं. तिच्याकडे मला फार वेळ बघवलं नाही. गुडघे टेकलेल्या पुरुषाकडे हातोडा आहे आणि तो थेट आपल्याकडे बघतो.

२६ जून

सान लुकाची टेकडी. वेशीपासून वरच्या मंदिरापर्यंत एकच पोर्तिको जातो, ६६६ कमानींचा, पावणेचार किलोमीटरहून थोडा लांब. ऊन चढायच्या आत निघालो तरी शेवटच्या चढाला धाप लागली. वर मेरीचं जुनं चित्र आहे. १४३३ मध्ये पावसानं पिकं बुडायची वेळ आली तेव्हा ते वाजतगाजत खाली गावात आणलं आणि पाऊस थांबला, अशी श्रद्धा. तेव्हापासून दरवर्षी चित्र गावात येतं, मुक्काम करतं, परत जातं. मिरवणूक भिजू नये म्हणून १६७४ मध्ये ह्या कमानी बांधायला घेतल्या. पैसे राजानं दिले नाहीत. कुटुंबांनी, कारागिरांच्या संघांनी एकेक कमान अंगावर घेतली. त्यांची नावं भिंतीवर आहेत, काही पुसट. आणि १६७७ मध्ये गावकऱ्यांनी टेकडीवर रांग लावून विटा, वाळू हातोहात वर पोचवली. आता दर ऑक्टोबरला तशी रांग पुन्हा धरतात. बाईंची मुलगी शाळेत असताना त्या रांगेत उभी होती. "तिच्या हातून गेली ती वीट कोणती, हे मला माहीत नाही, पण गेली," असं त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वळणावर थांबून आम्हाला पाणी प्यायला लावलं.

दुपारी ओळखीच्या खाणावळीत. दाराशीच एक बाई लांब लाटण्यानं पीठ लाटत होत्या. पोळी इतकी पातळ हवी की तिच्यातून सान लुका दिसावं, असं इथे म्हणतात. तोर्तेल्लिनीच्या सारणात डुकराचं मांस असतंच, त्याची अधिकृत पाककृती १९७४ मध्ये इथल्या व्यापारी मंडळाकडे नोंदवलेली आहे. ताई शाकाहारी. बाईंनी तिच्यासाठी ताज्या रिकोत्ताचे मोठे तोर्तेल्लोनी सांगितले, वर लोणी आणि सेजची पानं. व्यापारी मंडळाकडे सोन्याची एक तालियातेल्लेची पट्टीही ठेवलेली आहे, शिजल्यावर ८ मिलिमीटर रुंदी भरावी ह्याचा नमुना म्हणून. ताईला ते फार आवडलं. "जेवणाची एवढी कदर हवी," असं ती दोनदा म्हणाली.

२७ जून

सकाळी रेल्वे स्थानक. २ ऑगस्ट १९८० ला इथल्या प्रतीक्षागृहात बॉम्बस्फोट झाला, ८५ माणसं गेली. बाहेरचं घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवरच ठेवलं आहे. आत भिंतीला पडलेली भेग बुजवलेली नाही. जखमींना आणि मृतांना न्यायला रुग्णवाहिका पुरल्या नाहीत, तेव्हा ३७ नंबरच्या बसनं फेऱ्या केल्या. बाई तेव्हा शाळकरी होत्या. दर दोन ऑगस्टला शहर चौकापासून स्थानकापर्यंत चालत जातं, त्याही जातात. ही जागा वगळून शहर दाखवायला त्या तयार नसतात. सहलीतल्या काहींना ते आवडत नाही, तरीही.

रात्री पियात्सा माज्जोरेत 'शोले'. दर जूनमध्ये इथे जुन्या चित्रपटांचा महोत्सव असतो, मोठा पडदा चौकात, तिकीट नाही. 'शोले'ची ही प्रतही इथल्याच प्रयोगशाळेत दुरुस्त झालेली. मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चाललेला सिनेमा आम्ही सान पेत्रोनिओच्या उघड्या विटांच्या भिंतीशेजारी पाहिला. मला भरून आलं. राधा दिवे मालवत जाते आणि खाली जय माउथ ऑर्गन वाजवतो, तिथे बाई माझ्या कानाशी आल्या : "ह्यांच्या घरालाही पोर्तिको आहे." ओसरी म्हणतो आम्ही, असं मी सांगितलं. संपायला मध्यरात्र उलटली. शेवट वेगळा होता, १९७५ मध्ये सेन्सॉरनं बदलायला लावलेला मूळचा : ठाकूर गब्बरला मारतो, पोलीस आड येत नाहीत.

२८ जून

सकाळी कॉफीला बाई आल्या त्या ह्या शेवटावरूनच. ताईला बदललेला शेवट बरा वाटतो : कायद्यानं वागणाऱ्या ठाकुरानं गब्बरला कायद्याच्या हाती द्यावं. बाईंचं म्हणणं, ज्यानं सगळं घर गमावलं त्याचा राग कापून टाकला तर सिनेमा खोटा होतो. आणि दुरुस्त करणाऱ्यानं काही सुंदर करायला जाऊ नये, होतं ते परत द्यावं. स्थानकाच्या भिंतीतली भेग मला आठवली, पण त्यांनी तिचा उल्लेख केला नाही, मीही केला नाही. ताईनं आपलं म्हणणं सोडलं नाही. दोघींची कॉफी गार झाली.

आमची गाडी अकराची. बाईंचा उद्याचा गट सान लुकाला आहे, मेलोन्चेल्लोच्या कमानीशी सात वाजता.