आजीची गोळी आणि पोटॅशियमची दारं

आजीच्या गोळीचं नाव डोनेपेझिल. रोज रात्री एक, ५ मिलिग्रॅमची. आता डोस १० करायचा का, यावर घरात दोन तट आहेत. आत्या म्हणते, वाढवा. गोळी सुरू झाल्यापासून आई मला नावानं हाक मारते. बाबा म्हणतात, चांगले दिवस आधीही यायचे. मी सॉफ्टवेअरवाली, जीवशास्त्र बारावीलाही नव्हतं. पण 'जरा वाचून सांग' हे काम आमच्याकडे इंजिनियरलाच मिळतं.

वाचायला लागले तर पहिला भाग सोपा निघाला. अल्झायमरमध्ये अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाची मेंदूत चणचण होते. ते तोडणाऱ्या एन्झाइमला ही गोळी अडवते, म्हणजे असलेलं रसायन जास्त वेळ टिकतं. जपानच्या एसाय कंपनीत हाचिरो सुगिमोतो यांच्या गटानं ती बनवली. अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली.

पण टिकलेलं अ‍ॅसिटिलकोलीन पुढे करतं काय? चेतापेशीच्या आत पोटॅशियम जास्त असतं. संदेश जाताना सोडियम आत घुसतं, मग पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, ते बाहेर पडतं आणि पेशी शांत होते. यातल्या काही वाहिन्या पेशीवर सतत हलका ब्रेक दाबून ठेवतात. १९८० मध्ये डेव्हिड ब्राउन आणि पॉल अ‍ॅडम्स यांनी बेडकाच्या चेतापेशींत हा ब्रेक दाखवला. अ‍ॅसिटिलकोलीन पेशीवरच्या मस्करिनिक ग्राहींना चिकटलं, की या वाहिन्या बंद होतात, ब्रेक सुटतो आणि पेशी पुढच्या संदेशाला चटकन दाद देते. म्हणजे गोळीनं दाराला हात न लावताही दार बंद होऊ शकतं. प्रयोगशाळेत डोनेपेझिल पोटॅशियमच्या काही वाहिन्यांना थेटही अडवतं, पण त्यासाठी लागणारी मात्रा रक्तातल्या मात्रेपेक्षा पुष्कळ जास्त असते.

इतकं वाचून मी आत्याच्या बाजूला झुकले होते. मग लिनोपिर्डीन भेटलं. हे औषध नेमका तोच ब्रेक बंद करायचं. त्यानं अ‍ॅसिटिलकोलीन जास्त सुटायचं. कागदावर सगळं चोख. अल्झायमरच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या, आणि रोजच्या जगण्यात जाणवेल असा फायदा दिसला नाही. आमच्या धंद्यातही एकेक फंक्शन टेस्ट पास होतं आणि अ‍ॅप चालत नाही. पण तिथे कोणाची आजी नसते.

डोनेपेझिलचा फायदा चाचण्यांत दिसला आहे, पण तो बेताचा, आणि आजार काही थांबत नाही. शिवाय पोटॅशियमच्या वाहिन्या हृदयातही असतात. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी त्यांच्याच जोरावर पूर्वपदावर येतात. या गोळीनं नाडी मंदावू शकते, क्वचित ठोक्यांची लय धोकादायक बिघडू शकते. आजीची नाडी आधीच मंद आहे.

म्हणून डोस वाढवण्याआधी ईसीजी काढायचा, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते हो म्हणाले. आत्याला एक वही दिली आहे. आजी स्वतःहून जेवली का, चक्कर आली का, नाडी किती, कोणाला ओळखलं. वाईट दिवसही लिहायचे, अशी बाबांची अट. ती आत्यानं मान्य केली आहे.