प्रांजळ

खरं बोलणाऱ्यासाठी मराठीत विशेषणांची वाण नाही. रोखठोक, सडेतोड, परखड, निर्भीड. हे शब्द उच्चारतानाच आवाज चढतो. त्यांच्या पंगतीत 'प्रांजळ' जरा अंग चोरूनच बसतो.

संस्कृतातल्या 'प्राञ्जल'चा अर्थ सरळ, वाकडेपणा नसलेला. 'ऋजु' म्हणजेही सरळच आणि ऋजूचा भाव तो 'आर्जव'. गीतेच्या 13व्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना आर्जव येतं आणि ज्ञानदेवांनी त्यावर ओव्या रचल्या आहेत. म्हणजे आपल्या परंपरेत खरेपणाचं माप सरळपणा हे होतं, धार नव्हे. पुढे मराठीच्या रोजच्या वापरात आर्जव म्हणजे विनवणी, मनधरणी झाली. असं का झालं असावं? सत्तेपुढे सरळ मनाने गेलेल्या माणसालाही शेवटी हात जोडावे लागले, म्हणून? हा आपला माझा तर्क. पण आर्जव वाकलं, तरी प्रांजळ ताठ राहिला.

निर्भीड शब्दात भीती नाही, भीड आहे. समोरच्याची मुरवत, संकोच. भीड भिकेची बहीण, असं म्हणणाऱ्या समाजात ती सोडणाऱ्याचं कौतुक होणारच. पण भीड सोडायची ती दुसऱ्याची. परखड मतही बहुधा दुसऱ्याविषयीच असतं. कबुली मात्र नेहमी प्रांजळ असते. 'परखड कबुली' असं कोणी म्हणत नाही. भाषेनेच ही वाटणी करून ठेवली आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही आत्मकथा आजही ताजी वाटते ती या प्रांजळपणामुळेच. घरातलं कर्मठ सोवळंओवळं, पतीशी झालेली भांडणं, धर्मांतराने उसवलेला संसार, हे सगळं त्या सांगतात. पण हसायची वेळ आली की आधी स्वतःला हसतात. कोणाचा हिशेब चुकता करायला त्या बसलेल्या नाहीत.

आज चर्चेत, सभेत, घरातही 'मी स्पष्टच बोलतो' असं बजावून माणसं दुसऱ्याला टोचतात आणि त्यालाच प्रामाणिकपणा समजतात. त्यांना एवढंच विचारावं : याच स्पष्टपणाने स्वतःविषयी शेवटचं कधी बोललात? उत्तर देता आलं नाही, तर ते परखड असतील, प्रांजळ नव्हेत.