वेळासच्या किनाऱ्यावर दोन दिवस

सावित्री नदी समुद्राला मिळते तेथे उत्तरेस रायगड जिल्हा आणि दक्षिणेस रत्नागिरी. हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याहून वाहनासह फेरीबोटीत चढले की काही मिनिटांत पैलतीरावरचे वेश्वी येते आणि तेथून बाणकोटमार्गे रस्ता वेळासला पोहोचतो. मंडणगड तालुक्यातील हे लहानसे गाव पूर्वी नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून परिचित होते. अलीकडे ते कासवांचे गाव म्हणून अधिक ओळखले जाते.

माझ्या नातीच्या शाळेने मार्च महिन्यात येथे दोन दिवसांचे कुटुंब-शिबिर नेले. मार्च म्हणजे व्यापारी घरात वर्षअखेर. चिरंजीव व सूनबाई दुकान सोडून निघणे शक्य नव्हते, म्हणून पालकांच्या जागी आम्ही उभयता गेलो. बारा कुटुंबांपैकी पाच आपल्या समाजाची होती.

तंबू वाळूतच ठोकायचे, अशी मुलांची कल्पना होती. परंतु अंडी घालण्यास येणारी मादी उजेड व हालचाल जाणवली की आल्या पावली पाण्यात परतते. त्यामुळे तंबू गावातल्या एका पोफळीच्या वाडीत लागले आणि आम्हा ज्येष्ठांची सोय ओसरीवर झाली. यजमान ताईंना आपल्या भोजनाचे नियम आधीच कळवले होते. कच्च्या केळ्याची भाजी, लसणाविना कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, आमसुलाचे सार, आणि सर्व काही साडेपाचला पानात! सायंकाळची पाहणी सहाच्या सुमारास असल्याने आमच्या नियमामुळे साऱ्या शिबिराचीच सोय झाली.

येथे येणारी कासवे ऑलिव्ह रिडले जातीची. मादी रात्री किनाऱ्यावर चढते, वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते, तो बुजवते आणि निघून जाते. पुन्हा वळून पाहत नाही. उबवण्याचे काम वाळूतील उष्णतेचे. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. वाळू अधिक तापलेली असेल तर माद्या अधिक, थंड असेल तर नर अधिक, हे ऐकून आमच्यातील डॉक्टर पालकही थक्क झाले.

पूर्वी ही घरटी कुत्री-कोल्हे उकरीत आणि माणसेही अंडी नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये येथे संरक्षणाचे काम सुरू केले आणि ग्रामस्थांना त्यात घेतले. आता कार्यकर्ते पहाटे किनाऱ्यावर कासवाच्या पावलांचा माग काढतात, अंडी हलक्या हाताने काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात आणि पिल्ले बाहेर येण्याचे दिवस जवळ आले की वर टोपली पालथी घालतात. प्रत्येक खड्ड्यापाशी तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली. किती अंडी ठेवली, किती पिल्ले निघाली, याची वेगळी नोंद. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाची नजर अशा ठिकाणी समुद्राऐवजी वहीकडे जाते. मी ती पाने उलटली. रकाने नीट भरलेले, खाडाखोड नाही. उन्हापावसात, पगारी कारकून नसताना राखलेले असे दप्तर मी काही शाखांतही पाहिले नव्हते.

पहिल्या सायंकाळी टोपल्या उचलल्या. खाली नुसती वाळू. इतका प्रवास करून आलेल्या एका पालकांनी, दिवस भरले आहेत तर थोडे उकरून पाहता येणार नाही का, असे विचारले. कार्यकर्ता तरुण शांतपणे ‘नाही’ म्हणाला आणि टोपली परत ठेवली. मला त्याचे ते ‘नाही’ फार आवडले. मुले कुरकुरली, पण नंतर वाळूतल्या खेकड्यांची बिळे मोजण्यात रमली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तीन टोपल्यांपैकी एकीखाली वाळू हलत होती. काळसर, तळहाताच्या मध्यावर मावतील अशी एकवीस पिल्ले. पाण्यापासून थोड्या अंतरावर त्यांना सोडले, कारण ती वाळू त्यांनी स्वतः चालून जावी लागते. मादी पुढे आपल्याच किनाऱ्याच्या भागात परतते, ती खूण येथेच पटत असावी, असे अभ्यासक मानतात. शेवटचे एक पिल्लू लाटेने तीनदा मागे फेकले. नातीला ते उचलून पाण्यात ठेवायचे होते. परवानगी मिळाली नाही. तिचे डोळे भरले. “आजोबा, आपण तर पांजरपोळाला पैसे देतो. मग याला हात का लावायचा नाही?”

उत्तर मला चटकन सुचले नाही. जखमी गाय उचलून आणणे हीच जीवदया आम्ही लहानपणापासून पाहिली. येथे मात्र पहाटे उठणे, कुत्री हाकणे, रात्री दिवा न लावणे आणि नंतर हात मागे घेणे, असा तिचा क्रम आहे. मोठी होईपर्यंत हजारात एखादेच पिल्लू जगते, असे म्हणतात. हे सारे जाणून ते तरुण पुढच्या टोपलीकडे वळतात. चौथ्या लाटेने पिल्लू नेले.

नात पाठशाळेत जाते. ज्ञाताधर्मकथेतील दोन कासवांची गोष्ट तिला ठाऊक होती: कोल्हे आले असता एकाने अवयव कवचात आवरून ठेवले व ते वाचले, दुसऱ्याने उतावीळपणे बाहेर काढले व ते मेले. “हे आत का जात नाही?” असे तिने विचारले, तेव्हा त्या तरुणाने सांगितले की सागरी कासवाला डोके आणि वल्ह्यांसारखे पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत. गोष्टीतला उपाय त्याला उपलब्धच नाही, आणि कोल्हे मात्र येथेही आहेत. विसावे तीर्थंकर श्री मुनिसुव्रतस्वामी यांचे लांछन कासव आहे, हे मी तिला सांगितले. तिला ते आधीच माहीत होते!

परतताना भरतीच्या रेषेवरून चाललो. नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, चपला, पिशव्या. तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते आणि ते ती गिळते, हे मुलांना सांगितले गेले. आमच्या गटात पॅकिंगच्या पिशव्यांचा घाऊक व्यापार असलेले एक स्नेही होते. ते काही बोलले नाहीत. एक पिशवी उचलून बोटांनी तिची जाडी चाचपली, खिशात घातली. गाडीत त्यांच्या मुलाने, आपल्या दुकानातली होती का, असे विचारले. “असेलही,” एवढेच ते म्हणाले. पुढे काय ठरवले ते त्यांनाच ठाऊक. तीन पिढ्यांचा धंदा एका सकाळीत बदलत नाही, हे कर्जाची प्रकरणे पाहिलेला मी समजू शकतो.

पिल्ले साधारणतः फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात निघतात. जाऊ इच्छिणाऱ्यांनी यजमानांना आपले भोजनाचे नियम आठवडाभर आधी कळवावेत, शक्य तर दोन मुक्काम ठेवावेत आणि फेरीबोटीची शेवटची वेळ विचारून घ्यावी. ती चुकल्यास मंडणगडावरून मोठा वळसा पडतो.