तोंडाएवढीच वाट

मुंबईत मी कर्करोगाच्या शस्त्रक्रिया शिकत होतो, तेव्हा जिभेच्या मुळाशी पोचण्यासाठी बरेचदा खालचा ओठ मधोमध चिरून जबडा करवतीनं कापावा लागे. गाठ दोन सेंटीमीटरची असली तरी! मग हाडाला पट्टी, स्क्रू आणि हनुवटीवर जन्माचा व्रण.

पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या ग्रेगरी वाइनस्टीन आणि बर्ट ओमॅली यांनी रोबोट तोंडातून आत नेला. अमेरिकेत २००९ साली त्याला मान्यता मिळाली. जबडे वाचले. पण ते यंत्र मुळात पोटाच्या आणि छातीच्या कामासाठी घडवलेलं. अरुंद मोरीत तिघांनी एकदम वाकावं तसे त्याचे हात ओठांपाशी एकमेकांवर आदळत. म्हणून कॅमेरा आणि दोनच अवजारांवर आम्ही भागवायचो. बाकी भिस्त रुग्णाच्या डोक्याशी बसलेल्या सहायकावर.

घशासाठी दा विंची एसपी हे नवं रोबोट-यंत्र, मी आता काम करतो त्या अमेरिकेत, २०१९ मध्ये मंजूर झालं. अडीच सेंटीमीटरच्या एकाच नळीतून कॅमेरा आणि तीन अवजारं, प्रत्येक सहा मिलिमीटरचं. तिसरा हात आता माझाच. मात्र अवजारांची कोपरं उलगडायला नळीपुढं सुमारे दहा सेंटीमीटर मोकळी जागा लागते, म्हणून नळी ओठांपासून मागंच ठेवायची. जवळ जाण्याची जन्माची खोड असलेल्या सर्जनला हे जड जातं. कॅमेऱ्याची मान वर उचलून खाली वळवतात, त्या पवित्र्याला सगळे ‘कोब्रा’ म्हणतात.

हा रोबोट स्वतःहून काही करत नाही, आणि स्पर्शही कळू देत नाही. ऊती किती ताणली गेली, हे तिचा रंग पांढुरका होताना डोळ्यांनीच ओळखायचं. शिवाय आम्ही शरीर शिकलो ते बाहेरून आत. इथं आतून बाहेर जायचं. जिभेची धमनी दिसण्याआधी ती कुठं असणार हे ठाऊक हवं. यंत्र बदललं तरी हा अभ्यास सुटत नाही.

इथले माझे बरेच रुग्ण एचपीव्ही विषाणूमुळे झालेल्या कर्करोगाचे. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यानं गालाला, हिरड्यांना होणारा कर्करोग जास्त; तिथं या रोबोटचं फारसं काम नाही. आणि सुपारीनं ज्याचा जबडा आखडलाय, त्याच्या घशात गाठ असली तरी यंत्र आत शिरणार कुठून?

आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात उभी जातात का, ते आज आरशासमोर पाहा. जात नसतील तर पुडी फेकून द्या आणि डॉक्टरांना दाखवा.