पुढचं ऑईल बदललं, मागचं राहिलं

आज पिकाचं काही नाही, ट्रॅक्टरचं लिहितोय. त्यात चूक माझीच आहे, म्हणून दोन दिवस लिहू का नको असं चाललं होतं.

२०२५ चा सप्टेंबर आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. आमच्या जळकोटच्या शिवारात ओढ्याचं पाणी शेडमध्ये शिरलं आणि ट्रॅक्टर दीड दिवस मागच्या एक्सलपर्यंत पाण्यात उभा राहिला. २०१७ चा आहे, फोर व्हील ड्राईव्ह. पाणी उतरल्यावर मी एअर फिल्टर साफ केला, इंजिन ऑईल बदललं, डिझेल फिल्टर बदलला. सेल मारला, पहिल्या झटक्यात चालू. मी खूश.

पोरगा म्हणला, "आप्पा, मागचं ऑईल पण बघायला पाहिजे. पाणी गेलं असंल."

मी म्हणलं, "बंद पेटीत पाणी कसं जातंय?"

खरं कारण वेगळं होतं. आमच्या ट्रॅक्टरला मागं ४५ लिटर ऑईल बसतं. साडेअकरा हजार रुपये. निम्मं सोयाबीन पाण्यात गेलेलं, हरभऱ्याचं बी आणायचं होतं. आणि तसं बघितलं तर आठ वर्षांत ते ऑईल मी एकदाच बदललं होतं, तेही सुरुवातीच्या सर्व्हिसला.

दिवाळीला पुण्याहून पुतण्या आला. त्याची गाडी फोर बाय फोर, ऑटोमॅटिक. क्लचच नाही. विषय निघाला तर म्हणला, "काका, माझ्या गाडीला गिअर ऑईल बदलावंच लागत नाही, लाईफटाईम आहे." मला तेवढंच पाहिजे होतं. पोराकडं बघून म्हणलं, "ऐक. लाख दीड लाख किलोमीटर पळणाऱ्या गाडीला लागत नाही, आन् आपल्याला लागतंय व्हय?"

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोयाबीनच्या रानात रोटर मारायला काढला. वापसा आला होता, घात जाऊ द्यायची नव्हती. लिफ्ट उचलताना थरथरत होती, मागून घुंईऽ असा आवाज येत होता. ब्रेक दाबला की किरकिर. मी म्हणलं, थंडीनं असंल. दुपारी पात्यात काड गुंतलं. मी रोटर वर उचलून धरला आणि पोरगा खाली हात घालून काड काढायला लागला. लिफ्ट आधी थोडी बसली, मग एकदम खाली आली.

त्यानं हात ओढला म्हणून बोटं राहिली. कोपरापाशी खरचटलं तेवढंच. आणि मी काय केलं? त्यालाच शिव्या दिल्या. अक्कल नाही का, इंजिन बंद न करता खाली हात घालतो का, म्हणून. तो एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी जेवायलाही माझ्यासोबत बसला नाही.

दुसऱ्या दिवशी नळदुर्गहून मिस्त्री आणला. एरवी हे ऑईल काढताना ट्रॅक्टर चालवून गरम करतात, म्हणजे ऑईलसोबत गाळ निघतो. पण पाण्याचा संशय होता म्हणून त्यानं रात्रभर उभा असलेला ट्रॅक्टर थंड असतानाच खालचा प्लग जरा ढिला केला. आधी पाणीच आलं, तांब्याभर. मग जे आलं ते ऑईल म्हणायच्या लायकीचं नव्हतं. दुधाच्या चहासारखा रंग. मिस्त्री म्हणला, "मालक, ही बंद पेटी नाही. पीटीओचा सील गेलाय, तिथनं पाणी आत गेलंय. गिअरच्या दांड्याचं रबर पण फाटलंय."

मग त्यानं समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. ज्या ट्रॅक्टरला ऑईल ब्रेक आहेत, त्यातल्या बऱ्याच मॉडेलला गिअर, डिफरन्शियल, लिफ्ट आणि ब्रेक या सगळ्यांना एकच ऑईल असतं. तेच गिअरला वंगण देतं, तेच पंपातून जाऊन लिफ्ट उचलतं, तेच ब्रेकच्या प्लेटा थंड ठेवतं. त्यात पाणी मिसळलं की पंपाला धड ऑईल मिळत नाही, म्हणून तो घुंई आवाज. जाळी गाळानं भरली होती, म्हणून थरथर. आणि कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला होता, म्हणून लिफ्ट खाली आली.

म्हणजे पोराची चूक निम्मी. बाकीची माझी. खरं तर त्याची निम्मीपण नाही, कारण वर धरलेल्या औजाराखाली हात घालायची सवय त्याला माझ्याकडूनच लागली. आता आमच्याकडं नियम केलाय: औजार जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं, चावी खिशात घालायची. वरच ठेवावं लागलं तर खाली लाकडी ठोकळे. लिफ्टच्या भरवशावर हात घालायचा नाही.

आता काम कसं केलं ते. सपाट जागा, लिफ्ट पूर्ण खाली. खालचे सगळे प्लग काढले. एकच काढला तर कोपऱ्यात ऑईल राहतं. प्लगच्या चुंबकाला काजळासारखी बारीक पूड होती, ती चालते. चकत्या किंवा तुकडे निघाले तर गिअर किंवा बेअरिंग बघावं लागतं. जाळी धुतली, हायड्रोलिकचा फिल्टर नवा टाकला, व्हॉल्व्ह साफ केला, सील आणि रबर बदललं. मी म्हणलं, डिझेल घालून धुऊन काढू. मिस्त्री नको म्हणला. आत राहिलेलं डिझेल नव्या ऑईलला पातळ करतं. नवं ऑईल भरल्यावर ट्रॅक्टर चालवून लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली केली, मग परत डिपस्टिक बघितली. कमी झालं होतं, वरून घातलं. वीसेक तास चालवून बघितलं तर अजून ढगाळ. परत सगळं बदललं. साडेअकरा हजार वाचवायला गेलो आणि तेवीस घालवले. सील, फिल्टर, मजुरी वेगळी.

फोर व्हीलवाल्यांनी एक लक्षात ठेवा. पुढच्या एक्सलचं ऑईल वेगळं असतं. मधल्या डिफरन्शियलचा प्लग वेगळा, दोन्ही चाकांकडच्या पेट्यांचे वेगळे. माझे आठ वर्षांत एकदाही उघडले नव्हते. किती तासांनी बदलायचं आणि कोणतं घालायचं ते आपापल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतं. माझ्या पुस्तकात मागच्याला १,००० तास लिहिलंय. पण पाण्यात बुडालेल्या ट्रॅक्टरला तास मोजायचे नसतात. आणि दुकानात नुसतं 'गिअर ऑईल द्या' म्हणू नका. साधं ९० नंबर ऑईल ब्रेकच्या ट्रॅक्टरला चालत नाही, डब्यावर ऑईल ब्रेकचा उल्लेख पाहिजे.

पुतण्यालाही फोन केला. मिस्त्रीनं सांगितलं होतं की ऑटोमॅटिकमध्ये तर ऑईलच इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवतं, आतले क्लच तेच दाबतं आणि गारही तेच ठेवतं. गरम झालं की ते जळकट होतं. ट्रॉली ओढणाऱ्या, घाट-चिखलात चालणाऱ्या गाडीचं लवकर. पुतण्यानं पुस्तक काढून वाचलं. नेहमीच्या वापराला बदलायचं लिहिलेलंच नव्हतं, पण खाली बारीक अक्षरात जड कामासाठी किलोमीटर दिलेले होते आणि त्याची गाडी कधीच पुढं गेली होती. त्यानं पुण्यात काम करून घेतलं. तिथं कळलं की प्लग काढला तरी सगळं ऑईल निघत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. त्या गाडीला डिपस्टिकच नव्हती. ऑईल ठरलेल्या तापमानाला असताना, इंजिन चालू ठेवून पातळी बघावी लागली. म्हणून ते काम घरी करायचं नाही. आणि तिथंही ट्रान्सफर केस, पुढचं-मागचं डिफरन्शियल यांची ऑईलं वेगळीच.

नातवानं मोबाईलवर एक शोधून दाखवलं. अमेरिकेत ऑटोमॅटिक गाड्यांच्या ऑईलमध्ये पूर्वी देवमाशाचं तेल मिसळायचे, क्लचनं धड पकडावं म्हणून. १९७० नंतर त्यावर बंदी आली तेव्हा कंपन्यांना दुसरं औषध शोधावं लागलं. म्हणजे ऑईल नुसतं ओशट नसतं, त्यात औषध असतं. फवारणीच्या औषधाची मुदत आपण बघतो, याची बघत नाही.

जुनं ऑईल ड्रममध्ये भरून ठेवलंय, भंगारवाल्याला देणार. ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका.

पोराला मी तोंडानं काही बोललो नाही, आपल्याला ते जमत नाही. पण शेडच्या दारामागं खडूनं ऑईल बदलल्याची तारीख आणि तास लिहायला त्याला सांगितलं. त्यानं लिहिलं आणि खाली पुढची तारीखही लिहिली. म्हणला, "आप्पा, ह्याच्या आधी मी विचारणार नाही, बदलणार." मी हो म्हणलं.

तुमचा ट्रॅक्टर सप्टेंबरात पाण्यात उभा होता का? मग सकाळी सेल मारायच्या आधी मागची डिपस्टिक काढून बघा. चहाचा रंग दिसला तर त्या दिवशी रानात जाऊ नका.