मावळतीची भिंत

घनसावंगीत जुन्या घराचं काम निघालं की मालकाचा प्रश्न ठरलेला: "मिस्तरी, थर्माकोल आतून लावायचा का बाहेरून?" मी आधी भिंत कशाची आहे ते बघतो. दगड-मातीची दीड हात जाड भिंत असेल तर थर्माकोलचं नाव काढू देत नाही.

या भिंतीच्या पोटात पांढरी माती असते. पावसाळ्यात ती ओल धरते, नंतर हळूहळू सोडते. तिला दोन्ही अंगांनी सिमेंट चोपायची टूम निघाली आहे. मग ओल आत कोंडते, लोणा लागतो, पोपडे सुटतात. बाहेरून चुना आणि आतून माती, शेण, गव्हाचा भुसा मुरवून केलेला दोन बोटं गिलावा तिला पुरे होतो. वेरूळच्या लेण्यांत मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडल्याचं 2016 साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं, तेव्हापासून आमच्या भुशालाही शिकलेल्या लोकांत जरा मान आहे.

9 इंची विटांच्या खोल्यांचं गणित निराळं. 1 इंच थर्माकोल साधारण 20 इंच विटकामाइतकी उष्णता अडवतो. बाहेरून लावून वर जाळी नि गिलावा केला की ऊन विटेपर्यंत फारसं पोचत नाही, आणि रात्री खिडक्या उघड्या ठेवून निवलेली वीट दुपारी खोलीच्या कामी येते. आतून लावला तर कूलरचा गारवा लवकर जाणवतो खरा, पण तो बंद केला की लगेच उकडायला लागतं. विटेचा गारवा थर्माकोलच्या पलीकडेच राहतो.

म्हणून माझा कल बाहेरूनच. पण गावात चारी भिंती हाताशी येतात कुठे? एका भिंतीपलीकडे भावकीची पडकी जागा असते आणि तिथं परांची बांधू देत नाहीत. मग तेवढी भिंत आतून, बाकीच्या बाहेरून. अशा कामात खरी कसोटी कोपऱ्याची. बाहेरचा थर जिथं संपतो तिथंच आतला सुरू केला, तर उघड्या भिंतीची धग विटेतून वळून शेजारच्या भिंतीत उतरते. एप्रिलात दुपारी चारला कोपऱ्यावर तळवा टेकवला की कळतं. म्हणून आतला थर मी कोपऱ्यावरून वळवून शेजारच्या भिंतीवर दोन फूट पुढे नेतो. मालकाला ती उधळपट्टी वाटते, वाटू दे.

पैसे एकाच कामाचे असले तर मात्र भिंती राहू द्या म्हणतो. जुन्या माळवदावर मातीचा जाड थर असायचा, आताचा स्लॅब दिवसभर उघडा तापतो. आधी त्याला पांढरा चुना, मग मावळतीची भिंत, उरलेलं पुढच्या सोयाबीनवर.